फुटलेला कुकर कुणाच्या हाती देऊ नका

आमच्या कुकरचं झाकण २०२२ च्या बेंदराला उडालं. पुरणाची डाळ लावली होती. दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी काही होईना, म्हणून आई गॅस बारीक करायला पुढं झाली. आवाज चार घरं पलीकडं गेला. डाळ छताला, खिडकीची काच फुटलेली आणि आईचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजलेला. शिट्टी दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या डब्यामागं सापडली.

मी पोस्टात काउंटरला असते, वकील नाही. पण ही तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी वकील न लावता चालवली. तेव्हापासून गल्लीतलं, नात्यातलं कुणी ना कुणी विचारायला येतं. कुणाच्या मिक्सरचं भांडं उडालेलं असतं, कुणाला गीझरचा शॉक बसलेला असतो, कुणाच्या मोबाइलची बॅटरी उशाखाली पेटलेली असते. मी सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारते: "वस्तू कुठाय?" आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "कंपनीचा माणूस तपासायला म्हणून घेऊन गेला की."

तिथंच निम्मी केस गेलेली असते. म्हणून आधी वस्तूचं सांगते, कलमं नंतर.

कुकर घरातून हलू द्यायचा नाही

आठव्या दिवशी दुकानदार आणि कंपनीचा एक माणूस घरी आले. हातात कोरा कुकर, आमच्यापेक्षा दोन लिटरनं मोठा. आईचा हात बँडेजमध्ये, तरी तिनं वहिनीला चहा ठेवायला लावला. तो माणूस मोठा नम्र. "मावशी, झालं ते वाईट झालं. हा नवीन ठेवा, जुना द्या, आम्ही तपासून कळवतो." आई म्हणाली, "न्या की. आता काय करायचाय आम्हाला तो."

मी जेवायला घरी आले तेव्हा वहिनी कुकर पिशवीत घालत होती आणि आईच्या डाव्या हातात पेन होतं. कागद इंग्रजीत. त्यात लिहिलं होतं की तक्रारीचं पूर्ण समाधान झालं असून यापुढं कसलीही मागणी राहणार नाही. दोन हजाराच्या कुकरच्या बदल्यात हात लिहून द्यायचा.

मी म्हटलं, "तपासायचंय ना? इथंच तपासा, फोटो काढा, मापं घ्या. कुकर मिळणार नाही." तो म्हणाला, "मॅडम, जुना घेतल्याशिवाय नवा देता येत नाही, तशी पॉलिसी आहे." म्हटलं, "मग नवा पण न्या." आई माझ्याशी तीन दिवस धड बोलली नाही. दारात आलेली वस्तू परत पाठवली म्हणून.

पण कायद्यात बघा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३८ आहे. त्याप्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग ती वस्तू मागवून सीलबंद करतो आणि प्रयोगशाळेत पाठवतो. अहवाल ४५ दिवसांत यायचा असतो. आता वस्तूच कंपनीच्या गोदामात गेली असेल तर आयोग सील कशाला लावणार?

तर वस्तू जशी पडली तशी ठेवा. धुऊ नका, पुसू नका, शिट्टी जागेवर बसते का ते बघायला जाऊ नका. आमच्या वहिनीनं सवयीनं खालचं भांडं घासून ठेवलं होतं. नशीब, झाकण फ्रिजखाली सरकलं होतं म्हणून वाचलं. शिट्टीच्या नळीत अडकलेलं डाळीचं साल तसंच वाळून राहिलं होतं. ते साल पुढं कामाला आलं, कसं ते सांगते. झाकण, रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, भांडं, सगळं एका कापडी पिशवीत घातलं, तोंड शिवलं, वर लाख लावली आणि चिठ्ठीवर तारीख घालून शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. लाख लावायचा काही नियम नाही, ती माझी पोस्टातली खोड. पण दोन वर्षांनी आयोगासमोर पिशवी उघडली तेव्हा त्या सह्या बघून कुणी शंका काढली नाही.

फोटो आधी काढा, मग स्वयंपाकघर आवरा. छत, ओटा, शेगडी, जखम, सगळ्याचे. ज्या मोबाइलवर काढले त्यातून ते पुसू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरलेला फोटो आणि मूळ फोटो यांत फरक पडतो. पुढं हे फोटो पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायचं असतं. खोका रद्दीत गेला नसेल तर जपून ठेवा. त्यावर बॅच नंबर, बनवल्याचा महिना, कुणी बनवला आणि कुणी विकायला आणला, सगळं असतं. बिल नसेल तर हातपाय गाळू नका. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, यूपीआयची नोंद, बँकेचं स्टेटमेंट, यातलं काहीतरी सापडतंच.

कुकरवर आयएसआयची खूणही बघा. घरगुती प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे, मानक आयएस २३४७. खुणेखाली सीएम/एल आणि पुढं लायसन्स नंबर असतो. तो 'बीआयएस केअर' अॅपमध्ये घातला की लायसन्स कुणाचं आहे, चालू आहे का, कळतं. खूणच नसेल तर तो मोठाच मुद्दा. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं याच कारणावरून अॅमेझॉनला १ लाखाचा दंड लावला आणि विकलेल्या २,२६५ कुकरच्या ग्राहकांना कळवून पैसे परत द्यायला सांगितलं. आमच्या कुकरवर खूण होती आणि नंबरही खरा निघाला. तरी झाकण उडालंच.

दवाखान्यात काय बोलता ते लिहिलं जातं

भावानं घाईत आईला रिक्षात घालून नेलं. कॅज्युअल्टीत विचारलं, काय झालं? हा म्हणाला, "गरम डाळ अंगावर सांडली." खोटं नव्हतं. पण केसपेपरवर तेवढंच आलं, आणि कंपनीच्या लेखी म्हणण्यात चौथ्या पानावर तेच वाक्य ठळक अक्षरात: दवाखान्याच्या कागदाप्रमाणे ही डाळ सांडल्याची घरगुती घटना आहे, कुकरचा संबंध नाही.

म्हणून सोबत जो जाईल त्यानं नीट सांगावं: कुकरचं झाकण उडून भाजलं. मिक्सर, गीझर, जे असेल त्याचं नाव घ्यावं. केसपेपर हातात आला की तिथंच वाचावा. चुकलं असेल तर डॉक्टरांना सांगून त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावं. आमचं डिस्चार्ज कार्डावर बरोबर आलं होतं, त्यावर निभावलं.

औषधाचं प्रत्येक बिल ठेवा, रिक्षाचं भाडंसुद्धा वहीत लिहा. जखमेचा दर आठवड्याला एक फोटो. आईची बोटं मिटायला चार महिने लागले. त्या काळातला एक फोटो आहे, वहिनी तिला भरवतेय. तो मी मुद्दाम काढला नव्हता, पण तक्रारीला जोडला.

कायदा काय देतो

२०१९ चा हा नवा कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला. १९८६ च्या कायद्यात सदोष वस्तूची तक्रार करता यायची, पण 'उत्पादन दायित्व' असं स्वतंत्र प्रकरण नव्हतं. आता सहावं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. त्यातलं कलम ८४ वहीत लिहून ठेवा. उत्पादक पाच कारणांनी जबाबदार धरला जातो: बनवताना दोष राहिला, रचनेतच दोष आहे, ठरलेल्या मापाप्रमाणे बनवलं नाही, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू निघाली नाही, किंवा कशी वापरायची आणि कशी वापरू नये याची पुरेशी सूचना दिली नाही. यातलं एक सिद्ध झालं तरी चालतं. हमी दिली असेल तर "आम्ही निष्काळजीपणा केला नाही" हे सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही.

'उत्पादक' म्हणजे कारखानदारच असं नाही. दुसऱ्यानं बनवलेल्या मालावर स्वतःचं नाव छापणाराही उत्पादकच. खोक्यावर 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' एक आणि 'मार्केटेड बाय' दुसरा असेल तर दोघांनाही पक्षकार करा. दुकानदाराला कलम ८६ लागतं, पण तो आपोआप अडकत नाही. त्यानं वस्तूत फेरफार केला, स्वतःची वेगळी हमी दिली, सूचना-इशारे ग्राहकापर्यंत पोचवले नाहीत किंवा उत्पादक कोण हेच कळत नाही, असं काही असेल तर तो जबाबदार. माझं मत विचाराल तर दुकानदाराला पक्षकार करावंच. तो रोजच्या रस्त्यावरचा असतो, डोळ्याला डोळा देताना अवघड वाटतं, पण विक्रीचा पुरावा त्याच्याकडंच असतो.

बिल भावाच्या नावावर, भाजली आई. हा प्रश्न मला दहा जणांनी विचारला असेल. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणाराही ग्राहकच असतो. रुखवतात आलेला कुकर असला तरी तेच. लहान मुलाला इजा झाली तर आईबाप तक्रार करू शकतात, माणूस गेला तर वारस.

मागायचं काय? शारीरिक इजा, आजारपण, त्यातून आलेला मानसिक त्रास, घरातल्या इतर वस्तूंचं नुकसान, हे 'हानी'त बसतं. धंद्याचं नुकसान बसत नाही. खुद्द कुकरची किंमतही त्यात येत नाही, ती त्याच तक्रारीत सदोष वस्तू म्हणून वेगळी मागायची.

मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. कलम ६९. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं आणि किरकोळ भांडणं तिथं मिटतात. ती आदेश मात्र देत नाही. तिथं तक्रार पडून आहे म्हणून आयोगाची दोन वर्षं थांबत नाहीत. (अपघात गॅस सिलिंडरचा असेल तर वितरकाला ताबडतोब लेखी कळवा. तेल कंपन्यांनी त्यासाठी विमा काढलेला असतो, तो मार्ग वेगळा.)

नोटीस आणि दाखल करणं

नोटीस कायद्यानं बंधनकारक नाही, तरी पाठवा. एका पानाची पुरे: काय घेतलं, कधी, कुठून, काय झालं, किती खर्च, काय मागणी, १५ दिवसांची मुदत. "वस्तू आमच्या ताब्यात सुरक्षित असून आपण आमच्यासमोर पाहणी करू शकता" हे वाक्य घालाच. मग कुणी "आम्हाला तपासूच दिलं नाही" म्हणू शकत नाही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा आता स्पीड पोस्टनंच जायचं. पावती आणि ट्रॅकिंगचं पान, दोन्ही छापून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात, पावतीची झेरॉक्स काढा. हे मी काउंटरवर रोज सांगते आणि कुणी ऐकत नाही.

तक्रार कुठं? इथं बरेच जण फसतात. आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, वस्तूला मोजलेल्या किमतीवरून ठरते. ५० लाखांपर्यंत किंमत असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे २,३४० रुपयांच्या कुकरसाठी पाच लाख मागितले तरी जिल्हाच. आणि किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कंपनी दिल्लीची असो की गुजरातची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं.

दाखल ई-जागृती पोर्टलवर होतं. तक्रार मराठीत लिहिली तरी चालते, मी मराठीतच लिहिली. सोबत शपथपत्र, तारखांची यादी, कागदांची यादी, आणि प्रयोगशाळेत तपासणीसाठी वेगळा अर्ज. तो अर्ज पहिल्याच दिवशी द्या. तपासणीची फी तक्रारदारानं भरायची असते, तेवढी तजवीज ठेवा.

कंपनी काय काय म्हणाली

आयोगाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत जाबदारानं, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानं, लेखी म्हणणं द्यायचं. कोर्टाच्या आवारात त्याला 'से' म्हणतात. फार तर १५ दिवस वाढतात. ४५ च्या पुढं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं २०२० मध्येच स्पष्ट केलंय. दुकानदार साठाव्या दिवशी उगवला, त्याचा 'से' घेतला नाही. मध्यस्थीचं विचारतात, तयारी असेल तर जा. आम्ही गेलो होतो. कंपनीनं पुन्हा तोच नवा कुकर पुढं केला.

कंपनीनं तीन मुद्दे मांडले. पहिला, रिंग बाजारातली लोकल होती. या प्रकारच्या मुद्द्याला धार असते, कारण वस्तूचा गैरवापर किंवा फेरफार झाला असेल तर विक्रेत्यावर दावाच चालत नाही आणि उत्पादकही तीच ढाल पुढं करतो. आमची रिंग मूळचीच होती, तिच्यावर छाप होता. तुम्ही रिंग बदलली असेल तर कंपनीची घेतल्याची पावती शोधा, आणि लोकल असेल तर लपवू नका, प्रयोगशाळेत कळतंच.

दुसरा, आई दोन मुलींचे डबे करते, म्हणजे वापर व्यावसायिक, म्हणजे ती ग्राहकच नाही. हे त्यांनी कुठून हुडकलं देव जाणे. फक्त पोटासाठी, स्वतःच्या कष्टानं चालवलेल्या कामाला कायदा व्यावसायिक धरत नाही, तसं स्पष्टीकरण व्याख्येतच आहे. शिवाय त्या दिवशीची डाळ घरच्या पोळ्यांची होती, बेंदराला कोण डबे मागवतंय?

तिसरा मुद्दा खरा अवघड. शिट्टीची नळी डाळीच्या सालानं बंद होती, म्हणजे तुम्ही साफ केली नाही. हे वाचून आई रडली. तिला वाटलं, खरंच आपलंच चुकलं. मी रात्री माहितीपुस्तिका काढून बसले. त्यातच छापलं होतं: नळी बंद झाल्यास जादा वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडेल. म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह असतो कशासाठी? नळी कधीतरी बंद होणार, हे धरूनच तो बसवलेला. पुरणाची डाळ फेसाळते, सालं वर येतात, हे कुकर बनवणाऱ्याला ठाऊक नसेल तर कुणाला? वाळलेलं साल आमच्याविरुद्धचा पुरावा नव्हता. नळी बंद होती आणि तरीही व्हॉल्व्ह उघडला नाही, हे त्या सालानंच दाखवलं. युक्तिवादात मी एवढंच बोलले, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. प्रयोगशाळेच्या अहवालात होतं की सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू, जो वितळला की वाफेला वाट मिळते, तो वितळलाच नव्हता आणि नमुना मानकात बसत नाही.

कायद्यात निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत द्यायचा, असं आहे. आम्हाला दोन वर्षांच्या वर लागलं. कधी कोरम नाही, म्हणजे लागतात तेवढे सदस्य हजर नाहीत, कधी अहवाल आला नाही, एकदा समोरच्या वकिलांची पुरसीस, म्हणजे लेखी टिपण, आली की ते आजारी आहेत. तारीख चुकवू नका. व्हिडिओवर हजर राहता येत असेल तर तसा अर्ज द्या, रजा वाचते.

आदेश २०२५ मध्ये झाला: दवाखान्याचे ४१,३०० रुपये, शारीरिक-मानसिक त्रासाचे सव्वा लाख, तक्रारखर्च १०,००० आणि कुकरची किंमत. मागितले होते पाच लाख. राज्य आयोगाकडं अपील करायला ४५ दिवस असतात, आणि कंपनीला अपील करायचं तर आदेशातल्या रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात. पैसे दिले नाहीत तर कलम ७१ प्रमाणे वसुली आणि कलम ७२ प्रमाणे शिक्षेचा अर्ज करता येतो, एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते १ लाख दंड. ७२ चा अर्ज तयार करून ठेवला होता, द्यायची वेळ आली नाही. चाळिसाव्या दिवशी चेक आला.

आयोगाकडून परत मिळालेली ती पिशवी माळ्यावर होती. आई रोज म्हणायची, "तेवढं भंगारात घाल आता, जागा अडलीय." मी चेक वटेपर्यंत हात लावू दिला नाही. वटला त्या रविवारी भंगारवाला आला तेव्हा आई स्वतः खाली गेली. तो म्हणाला, "आज्जी, वाकलाय हो, अॅल्युमिनियमचा भाव कमी लागेल." आई म्हणाली, "वाकला नाही, उडालाय. वजन तेवढंच आहे, नीट तोल."